रिक्षा गेली की हो

सोलापूर,
९ जानेवारी २०२६

वैजूताई,

ते क्वेसार मी बघितलेच न्हाईत. रिक्षांनी बघितले.

आता खाली बस आणि मग पुढचं वाच. उभ्यानं वाचू नको, तुला चक्कर येती.

पत्र बघून दचकली असशील. फोनच करणार हुतो, पर तू मला ब्लॉक केलंयस. बरोबर केलंस. अमेरिकेच्या दुर्बिणीतनं बोलतोय म्हणून नाकातनं इंग्रजी झाडलं ती माझी चूक. माझ्या दोस्ताच्या, तौहीदच्या फोनवरनं लावला तर त्यो बी ब्लॉक. मावशीच्या, तुझ्या आईच्या, फोनवरनं लावायची हिंमत न्हाय, कारण जे सांगायचंय ते तिच्यासमोर सांगता येत न्हाय. म्हणून पोस्टात गेलो. तितल्या बाईंनी विचारलं, नोकरीचा अर्ज का रं? म्हणलं न्हाय, गुन्हा कबूल करायचाय. हसल्या. मी खरं बोललो की लोकांना हसू येतंय, ह्याला मी काय करू.

तर झालं असं. दिवाळीत तू मला पुढ्यात बसवून दाखवलंस, आभाळाचे फोटू, एकेका पट्टीत सहा चौकटी, त्यात लई लांबचा दिवा हाय का बघायचा आणि खाली तीन बटणं. हो, नाही, शंका. तू म्हणलीस, दुसरा डोळा लागतो. पयला तुझा. पयल्यानं काय दाबलंय ते दुसऱ्याला कळू द्यायचं न्हाय. मला ऐकूनच बरं वाटलं. शाळेत मला कायम दुसऱ्याचं बघून लिहितो म्हणून बाकावरनं उठवायचे, आणि हितं माझ्यावर एवढा इस्वास.

मग तू पुण्याला गेलीस. दिवाळी झाली की सोमशेखरआण्णांच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतंय. हितल्या नवी पेठेत गर्दी असती, पर ती नुसती चालणारी, साडी घेणारी न्हाय. समोर तौहीदचा मोबाईल कव्हरचा गाळा. त्यो येऊन बसला आणि आमी कायदा केला. रस्त्यानं रिक्षा गेली की हो. मोटारसायकल गेली की न्हाय. हातगाडी आली की शंका. चार-पाच दुपारींत तुझं आभाळ संपवलं. एकदा चौकात रिक्षा अडकल्या आणि लागोपाठ इतके हो पडले की तौहीद म्हणला, "बस कर बे, आसमान में जगा नै बचती."

आमी लई हसलो ताई. खोटं कशाला सांगू.

काल मावशीनं तिळाचे लाडू केले म्हणून गेलो. ती सांगायला लागली, वैजूच्या सरांनी म्हणं फोटूंत मुद्दाम खोटे दिवे घालून ठेवलेत, कुठले ते कुलपात हाय, आणि महिन्याच्या शेवटाला कुलूप काढून बघणार कुणी किती पकडले. माझा लाडू तोंडातच राहिला. म्हंजे तुमच्यात बी खोड्या काढत्यात आणि त्याचा पगार घेत्यात, हे तू मला आधी का सांगितलं न्हाईस?

माझं काय व्हायचं ते हू दे. तुझं काय होणार, तेवढं लिही.

ऋतुराज

•

पुणे,
१४ जानेवारी

ऋतुराज,

पत्र मिळालं. आधी वाटलं हीसुद्धा खोडीच आहे. मग तुझा उत्तरांचा रकाना उघडून बघितला. एके ठिकाणी हो, हो, हो अशी रांगच लागली आहे. ती चौकातली वाहतूक असावी.

आई गल्लीत सांगते की आभाळात काहीतरी हरवलंय आणि वैजू ते शोधते. तुलाही तेवढंच माहीत आहे, म्हणून एकदा नीट सांगते. विश्व अगदी लहान होतं तेव्हा काही आकाशगंगांच्या पोटात प्रचंड कृष्णविवरं तयार झाली होती. त्यांच्यात वायू पडताना इतका तापायचा की अख्ख्या आकाशगंगेपेक्षा जास्त उजेड पडायचा. तो क्वेसार. तो उजेड तेराशे कोटी वर्षं वाट चालून आपल्यापर्यंत येतो. वाटेत विश्व फुगत गेलं, उजेड ताणला गेला, लालाच्याही पलीकडे गेला. डोळ्यांना दिसत नाही. अवरक्त कॅमेऱ्यालाच दिसतो. असे अगदी थोडे सापडलेत, आणि कचऱ्याचे ठिपके मात्र ढीगभर.

आपण त्यातले किती घालवतो हे कळावं म्हणून अनिलकुमार सर फोटोंत खोटे क्वेसार पेरतात. दहा पेरलेल्यांतले आठ डोळ्यांना सापडले, तर खऱ्यांतलेही दहातले दोन निसटतात असं धरायचं. त्यावरून तेव्हा एकूण किती होते तो आकडा निघतो. माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण एवढंच आहे. चार वर्षं त्यात गेली.

रिक्षेला पेरलेला आणि न पेरलेला सारखाच. कुलूप उघडलं की लगेच दिसेल, दुसरा डोळा आंधळा होता. आणि मी सरांना लिहून दिलंय, दुसरा निरीक्षक ऋतुराज, मी स्वतः शिकवलेला. सरांना वाटेल की मी शिकवलंच नाही. किंवा वाटेल की दुसरा माणूस नव्हताच, मीच बसून बटणं दाबली. तसं वाटलं तर माझं इथलं सगळं संपलं.

मी काय ठरवलंय ते तुलाच सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. माझी उत्तरं तुझ्या रकान्यात उतरवायची. मधूनमधून बदलायची, म्हणजे दोन माणसं वाटतील. एक दुपार पुरे. कुलूप तीस तारखेला उघडणार आहे.

तू फक्त गप्प राहा. तुला जमत नाही हे माहीत आहे, तरी राहा.

ब्लॉक काढणार नाही. फोनवर तू हसतोस, मग मीही हसते, आणि काही झालंच नाही असं वाटायला लागतं. बोलायचं असेल तर लिही. आणि एवढं सांग. मी शिकवत होते तेव्हा तू "कळलं की" म्हणालास. मग असं का केलंस? माझं काम तुला इतकं फालतू वाटलं?

वैजयंती

•

सोलापूर,
१८ जानेवारी

वैजूताई,

तसलं काय करू नको.

हे मी सांगतोय म्हणून हसू नको. खोटेपणातलं मला जेवढं कळतंय तेवढं तुमच्या संस्थेत कुणाला कळत नसंल. खोडी काढणाऱ्याला एक जमलं पायजे, पकडला गेला तर हसत उभं राहता आलं पायजे. तुला येत न्हाय. तू नववीत हुतीस, मी तिसरीत. मी बिभीषणकाकांच्या चपला माळ्यावर लपवल्या. तू नुसतं गप बसायचं हुतं. काका अजून उंबऱ्यात, कुणी काय विचारलं न्हाय, तर तू "माळ्यावर हायत" म्हणून भोकाड पसरलंस. मार मला बसला आणि ताप तुला आला. आता तू सरांपुढं त्यो रकाना ठेवशील आणि तुझी मान लाल हुईल. सर काय चपला हुडकणारे काका न्हाईत, ते मुद्दाम खोटं पेरून वाट बघत बसणारे. त्यांना लाल मान वळखता येत असंल.

आणि दुसरं. तू तुझंच बघून माझ्या नावावर लिहिलंस, तर जे तुझ्या डोळ्याला चुकलं ते माझ्या बी डोळ्याला चुकलं असं हुईल. मग दुसरा डोळा कशाला पायजे? आरशासमोर उभं राहून दोघं आलोय म्हणल्यावानी हाय ते.

आता तू विचारलंस ते.

फालतू न्हाय वाटलं. कळालं न्हाय.

तू शिकवत हुतीस तवा मावशी, पप्पा, शेजारची रेश्मा, समदी बसलेली. तू म्हणलीस, सोपंय रे. तिथंच माझं संपलं. अवघड हाय म्हणली असतीस तर मी विचारलं असतं. सोपं म्हणलेलं न्हाय कळालं तर विचारायचं कसं? समदी म्हणणार, ऋत्याला हे बी येईना. मी म्हणलं, कळालं की.

दुकानात पयल्या दुपारी मी खरंच बघितलं. काळ्यावर राखाडी, राखाडीवर पांढरं. डोळं फाडून बघितलं. काय बी दिसंना. तेवढ्यात तौहीद आला, म्हणला काय करायलास? "कळंना" म्हणायच्या ऐवजी "खेळतोय" म्हणलो. रिक्षा तवा सुरू झाल्या.

हे मी आजपतूर कुणाला सांगितलं न्हाय. माझी लोकांत इज्जत हाय ती खोडकर म्हणून हाय. ढ म्हणून न्हाय.

तू मला परत शिकव. लिहून शिकव, म्हंजे मी धा येळा वाचलं तरी कुणाला दिसणार न्हाय. मी समदी परत बघतो. रिक्षाकडं पाठ करून बसतो.

तुमच्या संस्थेची पाकिटं झकास हायत, कागद जाड आणि पत्ता छापलेला. तुझं पाकीट मी टाकलं न्हाय, ठेवलंय.

ऋत्या

•

पुणे,
२९ जानेवारी

ऋत्या,

रकाना मी उतरवला नाही. तुझं पत्र आलं त्या दुपारी तेच करायला बसले होते. खोलीत कुणी नव्हतं, तरी मान गरम झाली. लॅपटॉप मिटला आणि कँटीनला जाऊन नको असलेला चहा प्यायले.

एक नवल झालं. सरांनी कुलूप उघडायची तारीख अचानक महिनाभर पुढे ढकलली. कारण विचारलं तर म्हणाले, "एवढी घाई काय आहे?" घाई नसलेले सर मी चार वर्षांत बघितले नव्हते. असो. सुटलो.

आता शिकवते. आणि आधी हे वाच. ते सोपं नाही. मी सोपं म्हणाले कारण घरचे बसले होते आणि मला ते सोपं येतं असं दाखवायचं होतं. पहिल्या वर्षी मला कित्येक महिने काही दिसत नव्हतं. सीनियर विचारायचे, दिसला का? मी म्हणायचे, हो. मी रिक्षा मोजल्या नाहीत एवढाच आपल्यात फरक.

पट्टीतल्या सहा चौकटी म्हणजे आभाळाचा एकच तुकडा, सहा वेगवेगळ्या काचांमधून बघितलेला. डावीकडच्या काचा निळ्या उजेडाच्या, उजवीकडे जाशील तशा लाल, आणि शेवटच्या लालाच्या पलीकडच्या. जवळचा साधा तारा सगळ्यांत दिसतो. आपल्याला हवा तो क्वेसार डावीकडे अजिबात दिसत नाही, कारण तिकडचा त्याचा उजेड वाटेतल्या वायूने पिऊन टाकलेला असतो. मग एका चौकटीत तो एकदम येतो आणि पुढे राहतो.

फसवणारे बरेच. एकाच चौकटीत ठिपका आणि पुढच्यात नाही, तर तो कॅमेऱ्यावर आदळलेला कण. रेघ असेल तर उपग्रह. डावीकडे पुसट का होईना काही असेल, तर तो जवळचा. आणि सगळ्यांत लबाड म्हणजे तारा व्हायला निघून मधेच विझत गेलेले गोळे. आपल्या शेजारचेच असतात, पण थंड, म्हणून तेही डावीकडे दिसत नाहीत. ते मला फोटोत ओळखता येत नाहीत. सरांनाही येत नाहीत. ते मोठ्या दुर्बिणीने उजेड उलगडल्यावरच कळतात. तेव्हा त्याची लाज वाटून घेऊ नकोस, तिथे हो दाब. खरंच कळत नसेल तिथे शंका दाब. शंका हे बटण हातगाडीसाठी नाही.

जुना रकाना मी पुसून टाकते. तुझी नवी उत्तरं तिथे बसतील आणि सरांना काही कळायची गरज नाही.

तिळगूळ पाठवलाय. उशीर झालाय, पण राग होता.

वैजू

•

सोलापूर,
१२ फेब्रुवारी

ताई,

सरांनी तारीख पुढं ढकलली व्हय? चांगलं झालं की. मोठ्या माणसांचं मन कधी कसं फिरंल सांगता येत न्हाय.

समदी बघून झाली. तुझ्या पत्राची घडी फाटली एवढ्या येळा उघडली. पयले दोन दिवस काय न्हाय. मग एक बाई आली अक्कलकोटची, कानडीत नवऱ्याशी भांडत भांडत. मी जांभळी साडी दाखवली. तिनं ती ट्यूबखाली बघितली, मग पदर धरून दारात उन्हात नेऊन बघितली, म्हणली ही जांभळी न्हाय, तपकिरी हाय. मग हिरव्या पडद्याजवळ धरली, परत तोंड वाकडं. बाया कायम असंच करत्यात आणि आमी कायम वैतागतो. त्या दिवशी मी वैतागलो न्हाय. म्हणलं, अरे ही बाई एकच साडी तीन काचांतनं बघायली. एका उजेडात हाय आणि दुसऱ्यात न्हाय, हेच तर ताई म्हणती. ती गेल्यावर पट्टी उघडली आणि ताई, दिसाय लागलं. समद्या न्हाय, पर दिसाय लागलं.

साडी घेतली न्हाय तिनं. आण्णा माझ्यावर वरडले. मी त्यांना म्हणलं, आण्णा, ती बाई शास्त्रज्ञ हाय. ते म्हणले, तू आज घरी जा.

शंका लई दाबली. तुला राग येईल एवढी. तौहीद शेजारी बसायला आला तर मी म्हणलं, बाजूला हो, दुसरा डोळा म्हंजे दुसराच, तिसरा न्हाय. त्यो म्हणला, "तेरेकू हुआ क्या?" मावशीला वाटतंय मी प्रेमात पडलोय. सांजच्याला तिच्याकडं जाऊन कोपऱ्यात बसतो, कुणाची खोड काढत न्हाय. तिनं रेश्माच्या आईला विचारून बी झालं.

एक हाय त्यात. तीन चौकटी कोऱ्या. चौथीत आला. पाचवीत हाय, सहावीत हाय. आजूबाजूला कुणी न्हाय. मी त्याला बसव्वा म्हणतो. आमच्या गल्लीच्या टोकाला ती बसव्वा लाल लुगड्यात एकटीच बसलेली असती बघ, रस्त्यानं कुणी जावो न जावो, तशी. तेराशे कोटी वर्षांमागं निघून, आपल्याला बघाय कुणी हाय का न्हाय हे म्हाईत नसताना येत राहिलाय. त्याच्यावर मी हो दाबताना बटण हळू दाबलं.

आता महत्त्वाचं. जुना रकाना पुसू नको.

पुसलेलं दिसतं ताई. आमच्या दुकानात किमतीची चिठ्ठी खरवडून दुसरी चिकटवली की गिऱ्हाईक पयला तितंच नख लावतंय. आणि समजा न्हाय दिसलं. तुझं काय? तू बोलायचं ते गप बसलीस की तुला ताप येतो. पीएचडी झाल्यावर जन्मभर ताप घेऊन फिरणार का?

सरांना सांग. मी शिकवताना चुकले, भाऊ रिक्षा मोजत बसला, आता त्यानं परत बघितलंय, दोन्ही रकाने हे असे. एवढंच. मला वाट्टेल ते म्हण, मूर्ख म्हण, नालायक म्हण. मी सोलापुरात, ते पुण्यात, मला काय ऐकू येणार हाय.

माझं ऐकायचं का न्हाय ते तू बघ. मी परत म्हणणार न्हाय.

ऋत्या

•

पुणे,
२६ फेब्रुवारी

ऋत्या,

सांगितलं.

दहा दिवस काढले त्यात. रोज सरांच्या दारापर्यंत जायचे आणि पाण्याच्या बाटलीत पाणी भरून परत यायचे. सोमवारी बाटली खोलीतच ठेवली. सर म्हणाले, बस. म्हटलं, उभ्यानेच सांगते, बसले तर सांगणार नाही. मग सगळं सांगितलं. रिक्षा सांगितल्या, तुला नीट शिकवलं नाही ते सांगितलं. तुझ्या रकान्यात माझी उत्तरं भरणार होते, तेही सांगितलं. ते सांगायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून आलंच.

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मला वाटलं आता म्हणणार, सामान आवर. ते म्हणाले, "बरं झालं आलीस." बस, एवढंच. आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. माणूस मोठा आहे, काय वाटलं ते चेहऱ्यावर आणत नाही.

मग म्हणाले, जुना रकाना पुसायचा नाही. काहीही न बघता नुसत्या नशिबाने किती पेरलेले सापडतात, हे मोजायला असा एक रकाना मुद्दाम करावा लागतो. तो आयता मिळाला. प्रबंधात तुझा नवा रकाना दुसरा डोळा म्हणून येईल आणि जुना आंधळा डोळा म्हणून. दोन्हींची खरी हकिगत मी लिहायची, अशी अट आहे. आभारांत नवी पेठेतल्या रिक्षावाल्यांना घ्यायचं का, असं गंभीरपणे विचारत होते. मला हसावं की नाही कळेना. मग तेच हसले.

काल कुलूप उघडलं. माझे बरेचसे सापडले. तुझे माझ्यापेक्षा कमी, पण रिक्षांच्या कितीतरी पट जास्त. मला निसटलेला एक तुला सापडला होता, आणि तुला निसटलेले पुष्कळ मला. दुसरा डोळा ह्यासाठीच असतो. दोघांनी हो म्हटलेले, न पेरलेले असे चार उरलेत. एप्रिलमध्ये मोठ्या दुर्बिणीवर त्यांचा उजेड उलगडणार. चारही शेजारचे विझलेले गोळे निघू शकतात. निघाले तर निघाले.

एक वाईट बातमी आहे. बसव्वा पेरलेली निघाली. सरांनी स्वतः केली होती. मला तुला सांगवेना, पण आता खोटं बोलायची सवय मोडायची आहे.

ऋत्या, तुला म्हणून लिहिते. मला कुणी पकडलं नाही. तू सांग म्हणालास, पण दारातून आत मीच गेले. सरांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि तरी मी आपणहून सांगितलं. चपलांच्या वेळी मी घाबरून बोलले होते. ह्या वेळी घाबरले होते आणि तरी गेले. दोन्ही वेगळं असतं हे मला आत्ता कळलं. त्या दिवसापासून झोप लागते.

ब्लॉक काढलाय. अमेरिकेतून फोन करू नकोस.

वैजू

•

सोलापूर,
३ मार्च

आदरणीय अनिलकुमार सर यांसी,

साडीच्या दुकानातला ऋतुराज, त्याचा नमस्कार. सर, ह्या पत्राला उत्तर देऊ नका. का ते शेवटाला सांगतो.

जानेवारीत मी तुमाला पत्र टाकलं, ताईच्या पाकिटावरचा पत्ता बघून. रिक्षांचं समदं लिहिलं आणि महिनाभर कुलूप काढू नका, मला परत बघू द्या, म्हणून पाया पडलो. ताईला ह्यातलं काय म्हाईत न्हाय असं बी लिहिलं. ते खोटं हुतं. ती काय करायला निघालीवती ते मी दाबलं. आता तिनंच तुमाला सांगितलंय, तवा माझं खोटं उघडं पडलं. माफी द्या. तिला वाचवायला जे सुचलं ते लिहिलं.

तुमचं कार्ड आलं, त्यात दोनच वाक्यं हुती. "थांबतो. पण तिला मी काही विचारणार नाही, ती स्वतः येते का ते बघू." सर, ते कार्ड मी खिशात घालून फिरत हुतो. मला वाटायचं ही न्हाय येणार. तिला मी लहानपणापास्नं बघतोय, ती दारापतूर जाती आणि पाणी पिऊन येती. मी तिला सांग म्हणून लिहिलं, पर तुमाला आधीच ठावं हाय हे लिहिलं न्हाय. हात शिवशिवत हुता. लिहिलं असतं तर तिची दहा दिवसांची धडधड वाचली असती. पर मग ती गेलीच नसती. म्हंजे गेली असती, पर ते जाणं न्हवतं, नुसतं हजेरी लावणं झालं असतं. बरोबर का?

आजपतूर मी लई गोष्टी दाबल्यात सर, पर त्या लोकांवर हसायला. कुणाची मान ताठ राहावी म्हणून ही पयलीच.

मी जिला बसव्वा म्हणायचो, ती तुमी पेरलेली निघाली. दिवसभर वाईट वाटलं. मी तिच्यावर जीव टाकलावता. आण्णांनी विचारलं, कोण गेलं रं? म्हणलं कुणी न्हाय, ती कधी नव्हतीच. मग सांजच्याला मलाच हसू आलं. ह्या नवी पेठेत मला आजपतूर कुणी बनवलेलं न्हाय. तुमी पुण्यात बसून बनवलं, आणि ते बी एका ठिपक्यानं. चौथीत येणार, पाचवीत राहणार, आजूबाजूला कुणी ठेवायचं न्हाय, म्हंजे बघणाऱ्याचा जीव कळवळंल. उस्ताद हायसा.

एप्रिलात त्या चारांतला एक तरी खरा निघू दे. न्हाय निघाला तर तिला म्हणा, शेजारचा असला म्हणून काय झालं, त्याला बी अजून कुणी बघितलं नव्हतं.

आता शेवटाचं. तिनं मला लिहिलंय की सरांना काहीच ठाऊक नव्हतं आणि तरी मी आपणहून सांगितलं. तिला झोप लागाय लागलीय त्याच्यावर. सर, माझं पत्र तुमच्याकडं आधी आलंवतं हे तिला कधी कळू देऊ नका. निरोपाच्या दिवशी गंमत म्हणून बी नको, तिच्या लग्नात बी नको. आणि माझ्या मावशीला तर न्हाईच, तिला कळालं म्हंजे समद्या गल्लीला कळालं. तुमी खोटं पेरून गप बसायला मुरलेले हायसा, तवा एवढं एक खरं बी गप ठेवा. म्हणून उत्तर बी नको, आणि माझी दोन्ही पत्रं फाडा. कुणाला सांगू नका सर. पाया पडतो, कुणालाच न्हाय.

आपला नम्र,
ऋतुराज